एचआयव्ही आपल्याच पेशीतल्या मायक्रोआरएनएंचा फायदा कसा उठवतो?

सूक्ष्मदर्शी

मागच्या धाग्यावर एचआयव्हीच्या औषधांबद्दल चर्चा चालू असताना कुणीतरी लिहून गेलं की "हा व्हायरस पेशीतले मायक्रोआरएनए वापरून वाढतो, तेवढे बंद केले की काम तमाम". तिथे पुढे कुणी त्यावर बोललं नाही, पण मला ते वाक्य काही सोडवेना, कारण त्यात थोडं खरं आहे आणि बाकीचं जवळजवळ उलटं आहे. म्हणून वेगळा धागा काढतोय. लांब होणार, सवडीने वाचा.

आधी मायक्रोआरएनए म्हणजे काय ते सांगतो. आपल्या जीन्सपासून मेसेंजर आरएनए बनतो आणि त्यावरून प्रोटीन बनतं, हे शाळेत शिकलोय. मायक्रोआरएनए म्हणजे साधारण २२ अक्षरांचे बारके तुकडे, त्यांच्यापासून कुठलंच प्रोटीन बनत नाही, ते फक्त दुसऱ्या मेसेंजरला जाऊन चिकटतात आणि त्याचं प्रोटीन बनणं कमी करतात. १९९३ साली व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रव्हकन यांच्या प्रयोगशाळांनी एका मिलिमीटरभर लांबीच्या जंतात पहिला असा तुकडा दाखवला, तेव्हा बऱ्याच जणांना वाटलं की ही त्या जंताचीच काहीतरी खासियत असेल. मग २००० मध्ये दुसरा सापडला आणि तो माणसासकट कितीतरी प्राण्यांमध्ये निघाला. २०२४ चं वैद्यकातलं नोबेल या दोघांना मिळालं. माणसाचे निम्म्याहून जास्त प्रोटीन बनवणारे जीन्स या तुकड्यांच्या अंमलाखाली आहेत.

हे तुकडे थेट तयार होत नाहीत. आधी केंद्रकात एक लांब धागा बनतो, तो स्वतःवरच दुमडून हेअरपिनसारखा होतो, ड्रोशा नावाचं एंझाइम त्याची खालची टोकं कापतं, मग तो केंद्रकाबाहेर येतो, तिथे डायसर त्याचा वरचा वळसा उडवतं, आणि उरलेल्या दोन धाग्यांपैकी एक अर्गोनॉट नावाच्या प्रोटीनमध्ये जाऊन बसतो. प्रत्यक्ष काम करतं ते हे अर्गोनॉट, मायक्रोआरएनए त्याला फक्त पत्ता दाखवतो.

आता एचआयव्ही. त्याचा जीनोम सुमारे ९,७०० अक्षरांचा, जीन्स अवघे नऊ. पेशीत शिरला की आरएनएचा डीएनए करतो, तो आपल्या डीएनएत शिवून टाकतो, आणि तिथून पुढे सगळं काम आपल्याच यंत्रणेकडून करून घेतो, म्हणजे नव्या व्हायरसचे मेसेंजर बनवतो कोण, तर आपली पेशी. आणि पेशीत बनलेला मेसेंजर म्हटला की त्याच्यावर मायक्रोआरएनएची नजर पडणारच.

२००७ मध्ये हुई झांग यांच्या गटाने नेचर मेडिसिनमध्ये एक पेपर काढला. त्यांनी निवांत पडलेल्या सीडी४ टी-पेशी (प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशी, एचआयव्ही मुख्यतः यांच्यातच शिरतो) आणि जाग्या केलेल्या सीडी४ टी-पेशी यांची तुलना केली. निवांत पेशींमध्ये पाच मायक्रोआरएनए जास्त होते (नावातलं 'मिर' म्हणजे मायक्रोआरएनए, पुढे त्याचा क्रमांक): मिर-२८, मिर-१२५बी, मिर-१५०, मिर-२२३ आणि मिर-३८२. हे पाचही एचआयव्हीच्या आरएनएच्या शेपटाकडच्या भागाला चिकटतात. आता हा शेपटाकडचा भाग का महत्त्वाचा? एचआयव्हीचा एकच लांब आरएनए वेगवेगळ्या तऱ्हेने कापून जोडला जातो, त्यातून न कापलेले, अर्धवट कापलेले, पूर्ण कापलेले असे कितीतरी मेसेंजर तयार होतात, पण शेपटीचं टोक त्या सगळ्यांमध्ये एकच असतं. म्हणजे तिथे चिकटलं की व्हायरसचा झाडून सगळा माल अडतो.

इथपर्यंत वाचून वाटेल की मग हे तर चांगलंच झालं, पेशी व्हायरसला दाबतेय. पण त्याच पेपरात पुढे आहे की औषधं चालू असलेल्या आणि रक्तात व्हायरस सापडत नसलेल्या रुग्णांच्या निवांत टी-पेशी घेतल्या, त्यात या पाचांना अडवणारे तुकडे घातले, आणि त्या पेशींमधून व्हायरस बाहेर पडायला लागला. म्हणजे तो आत होताच! गप्प होता. आणि गप्प असलेल्या पेशीवर ना औषध चालतं ना आपली प्रतिकारशक्ती तिला ओळखू शकते, कारण ती पेशी व्हायरसचं एकही प्रोटीन बाहेर दाखवत नाही.

माझं म्हणणं हेच आहे. एचआयव्ही मायक्रोआरएनएंचा सगळ्यात मोठा फायदा उठवतो तो वाढण्यासाठी नाही, टिकून राहण्यासाठी. पेशी त्याला गप्प बसवते आणि तो त्या गप्प बसण्यावरच जगतो.

---

रानवाट

खूप सविस्तर लिहिलंत, धन्यवाद. दोन प्रश्न पडलेत, बाळबोध वाटले तरी विचारतो.

एक म्हणजे २२ अक्षरांच्या तुकड्याला ९,७०० अक्षरांमध्ये आपली जागा सापडते कशी? आणि दुसरं, एचआयव्ही सारखा बदलत असतो असं आपण ऐकतो, मग त्याने त्या जागा केव्हाच पुसून का नाही टाकल्या? बदललं की सुटला ना तो.

---

सूक्ष्मदर्शी

रानवाट, दुसरा प्रश्न तर या सगळ्याचा गाभाच आहे.

पहिल्याचं उत्तर असं की सगळी २२ अक्षरं जुळावीच लागत नाहीत. दुसऱ्या अक्षरापासून आठव्यापर्यंतचा भाग, ज्याला सीड म्हणतात, तो नीट जुळला की अर्गोनॉट तिथे थांबतो. त्यामुळे एक मायक्रोआरएनए शेकडो मेसेंजरवर थोडा थोडा दाब ठेवू शकतो, आणि एका मेसेंजरवर अनेक जण बसू शकतात. एकेकाचा परिणाम बारीक असतो, एकत्र आले की जाणवतो. झांग यांच्या गटानेसुद्धा पाचही जणांना एकदम अडवलं होतं.

दुसऱ्याबद्दल. उपचार नसलेल्या माणसाच्या शरीरात दिवसाला अब्जावधी नवे व्हायरस बनतात आणि त्याचं डीएनए बनवणारं एंझाइम चुका करण्यात पटाईत आहे, म्हणजे जवळजवळ प्रत्येक अक्षराचा बदल रोज कुठे ना कुठे होऊन जातो. अशा व्हायरसला एखादी जागा खरोखर जाचत असेल तर ती फार काळ टिकायला नको. तरीही काही जागा टिकून आहेत. याची दोन कारणं असू शकतात आणि दोन्ही एकाच वेळी खरी असू शकतात. त्या शेपटाकडच्या भागात नेफ नावाचा जीन आहे आणि त्याच जीनच्या आत एक छोटा पट्टा आहे जो डीएनए बनवताना दुसऱ्या धाग्याची सुरुवात करून देतो, शिवाय जीनचा शेवटचा भाग व्हायरसच्या टोकाच्या नियंत्रक भागावर चढलेला आहे. म्हणजे एकेका अक्षरावर दोन दोन तीन तीन कामांचा बोजा, तिथे हवं तसं बदलता येत नाही. हे झालं एक. आणि दुसरं, ती जागा असण्याचा व्हायरसला फायदाच होत असेल.

नेफमधली एक जागा मिर-२९ए ची आहे. दिल्लीच्या आयजीआयबी या जीनोमवर काम करणाऱ्या संस्थेतल्या लोकांनी २००५ मध्ये कॉम्प्युटरवर शोधून दाखवलं की माणसाचे कुठले मायक्रोआरएनए एचआयव्हीच्या कुठल्या जीनला जुळू शकतात, त्यात मिर-२९ए आणि २९बी नेफला जुळत होते. मग २००८ मध्ये त्यांनी पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राबरोबर प्रयोग करून दाखवलं की मिर-२९ए वाढवला की नेफ कमी होतं आणि व्हायरसही कमी बनतो. पुढच्या वर्षी अमेरिकेतल्या एका गटाने तेच वेगळ्या मार्गाने दाखवलं.

---

नीलमोहर

सूक्ष्मदर्शींच्या "फायदाच होत असेल" या मुद्द्याला दुसऱ्या व्हायरसमधून चांगला आधार मिळतो, म्हणून लिहिते.

ईस्टर्न इक्वाइन एन्सेफलायटिस म्हणून डासांमार्फत पसरणारा एक फार घातक व्हायरस आहे. त्याच्या आरएनएच्या शेपटीत मिर-१४२-३पी च्या जागा आहेत, आणि हा मायक्रोआरएनए रक्तातल्या पांढऱ्या पेशींमध्ये भरपूर असतो. परिणाम काय, तर मॅक्रोफेज वगैरे पेशींमध्ये हा व्हायरस वाढूच शकत नाही. वरवर बघता हे त्याचं नुकसान. पण याच पेशी धोक्याची पहिली हाक देतात, इंटरफेरॉन सोडतात. व्हायरस तिथे वाढतच नाही म्हणून हाक दिली जात नाही, आणि तो गुपचूप मेंदूपर्यंत पोचतो. २०१४ मध्ये नेचरमध्ये आलेल्या कामात त्या जागा काढून टाकलेला व्हायरस उंदरांना दिला, तर तो त्या पेशींमध्ये वाढला, प्रतिकारशक्ती लगेच जागी झाली आणि आजार कितीतरी सौम्य झाला.

म्हणजे दाबलं जाणं हेच शस्त्र. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा अंगावर काटा आला होता.

आणि याच्या अगदी उलट टोक म्हणजे हिपॅटायटिस सी. तो यकृताच्या पेशीतला मिर-१२२ सरळ सरळ वापरतो. त्याच्या आरएनएच्या सुरुवातीच्या टोकाला मिर-१२२ दोन ठिकाणी चिकटतो आणि त्या टोकाला पेशीच्या कुरतडणाऱ्या एंझाइमपासून वाचवतो. मिर-१२२ काढून घेतला की व्हायरस उभाच राहत नाही. तेव्हा "मायक्रोआरएनए बंद करा की व्हायरस संपला" हे वाक्य हिपॅटायटिस सी ला लागू आहे, बहुतेक तिथूनच ते एचआयव्हीवर चिकटलंय.

---

पिपेट

मी टी-पेशींवरच काम करते त्यामुळे राहवलं नाही. धागा छान चाललाय पण थोडा आखडता हात घ्यायला हवा असं मला मनापासून वाटतं.

मायक्रोआरएनए व्हायरसच्या आरएनएला "चिकटतो" असं म्हणणाऱ्या बऱ्याच प्रयोगांमध्ये तो मायक्रोआरएनए बाहेरून भरमसाठ घातलेला असतो. पेशीत जेवढा असतो त्याच्या कितीतरी पट घातला तर कुठलाही तुकडा कुठेतरी चिकटणारच. अमेरिकेच्या ड्यूक विद्यापीठातल्या ब्रायन कलन यांच्या प्रयोगशाळेने २०१३ मध्ये उलट दिशेने काम केलं, म्हणजे संसर्ग झालेल्या पेशीत अर्गोनॉट नैसर्गिकरीत्या कुठे कुठे बसलंय तेच शोधलं. पेशीच्या स्वतःच्या मेसेंजरवर ते जागोजागी बसलेलं होतं, एचआयव्हीच्या आरएनएवर मात्र फारच थोडं. त्यांचं म्हणणं असं की एचआयव्हीचा आरएनए स्वतःवर इतका दुमडलेला असतो की मायक्रोआरएनएला शिरायला मोकळी जागाच मिळत नाही. त्याच कामात त्यांना एचआयव्ही स्वतःचे मायक्रोआरएनए बनवतो याचाही म्हणावा तसा पुरावा मिळाला नाही, जो दावा आधी दोन-तीन गटांनी केला होता.

अजून एक. एचआयव्हीचं टॅट प्रोटीन डायसरला अडवतं आणि मायक्रोआरएनएची सगळी यंत्रणाच बंद पाडतं असं २००५ मध्ये छापून आलं, नंतर दुसऱ्यांनी तपासलं तर तसं दिसलं नाही. या क्षेत्रात असं बरंच आहे. एक पेपर आला की तो पुढच्या पन्नास परीक्षण लेखांमध्ये जसाच्या तसा उतरवला जातो आणि त्यावर आलेला आक्षेप मात्र कुठेच उतरत नाही, याची मला खरोखर चीड येते, कारण नवीन मुलं त्या परीक्षण लेखावरून प्रयोग आखतात आणि त्यांची वर्षं जातात.

---

सूक्ष्मदर्शी

पिपेट, तुमचा प्रतिसाद या धाग्याला हवाच होता. कलन यांचं काम मला मान्य आहे, पण त्यांनी ज्या पेशी वापरल्या त्या जोमाने वाढणाऱ्या होत्या, निवांत नव्हेत. मिर-१५० सारखे मायक्रोआरएनए टी-पेशी जागी झाली की झपाट्याने उतरतात. ज्या पेशीत पहारेकरीच कमी झालेत तिथे पहारा दिसला नाही म्हणून निवांत पेशीत तो नसेलच असं नाही म्हणता येत.

आणि समजा थेट चिकटणं फारसं होतच नसेल, तरी दुसरा मार्ग उरतोच, जो मला जास्त भक्कम वाटतो. तो म्हणजे व्हायरसला नाही, व्हायरसला लागणाऱ्या पेशीच्या प्रोटीनला धरणं.

टॅटचं उदाहरण घेऊ. एचआयव्हीचा डीएनए आपल्या डीएनएत बसल्यावर आरएनए बनायला सुरुवात होते, पण पॉलिमरेज एंझाइम पहिली ५०-६० अक्षरं लिहून अडखळतं. तेवढ्या तुकड्याचा टार नावाचा एक वळसा बनतो. टॅट त्या वळशाला धरतं आणि पेशीतल्या सायक्लिन टी१ आणि सीडीके९ या जोडीला तिथे ओढून आणतं, ती जोडी पॉलिमरेजवर फॉस्फेट चढवते, आणि मग ते पुढचे हजारो अक्षरांचे अंतर एका दमात कापतं. सायक्लिन टी१ नाही तर टॅट नुसतंच बसून राहणार.

आता मोनोसाइट, म्हणजे रक्तात फिरणारी तरुण पेशी, तिच्यात एचआयव्ही सहसा वाढत नाही. तीच पेशी ऊतीत जाऊन मॅक्रोफेज झाली की वाढतो. ह्यूस्टनच्या अँड्र्यू राइस यांच्या प्रयोगशाळेने २००९ मध्ये दाखवलं की मोनोसाइटमध्ये मिर-१९८ हा सायक्लिन टी१ ला दाबून ठेवतो आणि मॅक्रोफेज होताना तो उतरतो. त्याच वर्षी दुसऱ्या एका गटाने दाखवलं की झांग यांच्या पाचातले चार मायक्रोआरएनएही मोनोसाइटमध्ये जास्त आणि मॅक्रोफेजमध्ये कमी असतात. निवांत टी-पेशीतही सायक्लिन टी१ वर असाच दाब असतो, तिथे मिर-२७बी, २९बी, १५० आणि २२३ हे काम करतात. २२३ आणि १५० ही नावं दोन्हीकडे आली बघा, थेट व्हायरसवर आणि सायक्लिन टी१ वरही.

आणि आता मूळ वाक्यातलं थोडं खरं, जे मी वर म्हटलं होतं. २००७ मध्येच फ्रान्सच्या मॉन्पेलिएमधून सायन्समध्ये आलेलं काम आहे, बेनकिरान यांच्या गटाचं. टॅटवर पीकॅफ नावाचं प्रोटीन एक ॲसिटिल गट चढवतं, २८ व्या लायसिनवर, आणि त्याने टॅटचं काम सुधारतं. पेशीतला मिर-१७/९२ हा समूह पीकॅफला दाबून ठेवतो. संसर्ग झाल्यावर हा समूहच खाली जातो, पीकॅफ वाढतं, टॅट खुश. याच कामात ड्रोशा आणि डायसर कमी केले तर व्हायरस जास्त वाढला. दुसऱ्या बाजूला मिर-१३२. टी-पेशी जागी झाली की तो वाढतो, तो एमईसीपी२ नावाच्या जीन्स बंद ठेवणाऱ्या प्रोटीनला दाबतो, आणि व्हायरसचं काम सोपं होतं. म्हणजे काही मायक्रोआरएनए खाली गेले की त्याला बरं, काही वर गेले की बरं. पेशी जागी होताना जे काही बदलतं ते बहुतेक सगळं त्याच्या पथ्यावर पडतं.

---

रानवाट

हे वाचून एक शंका. मिर-१७/९२ व्हायरसने खाली नेला की पेशी जागी झाल्यामुळे तो गेला? कारण तुम्ही शेवटी दोन्ही एकत्र बांधलंत.

---

पिपेट

रानवाट, अगदी मर्मावर बोट ठेवलंत. हे वेगळं करणं फार अवघड आहे. एचआयव्हीला जागी पेशी आवडते, तो शिरल्यावरही पेशीत उलथापालथ होते, पेशी मरायला लागते, आणि या प्रत्येक गोष्टीने मायक्रोआरएनए बदलतात. संसर्ग झालेल्या आणि न झालेल्या पेशींची यादी बनवून "हे वाढले, हे उतरले" असे कित्येक पेपर आहेत आणि दोन याद्या एकमेकींशी धड जुळत नाहीत. पेशी कुठली, व्हायरसचा वाण कुठला, कितव्या तासाला मोजलं, यावर सगळं हलतं. एखादा बदल व्हायरसने घडवला असं म्हणायचं तर व्हायरसचं अमुक प्रोटीन काढलं की तो बदल थांबतो हे दाखवावं लागतं.

सूक्ष्मदर्शी, निवांत पेशींचा तुमचा मुद्दा रास्त आहे. तिथली अडचण अशी की त्या पेशीत व्हायरसचा आरएनएच इतका कमी असतो की अर्गोनॉटवर तो सापडणं महाकठीण. उपचार चालू असलेल्या माणसात साधारण दहा लाख निवांत सीडी४ पेशींमागे एखादीच अशी असते जिच्यातून पुन्हा धडधाकट व्हायरस निघू शकतो. नळीभर रक्त घेऊन त्यात असल्या पेशी शोधायच्या म्हणजे काय ते जो करतो त्यालाच कळतं.

---

अबोली_क

मी सायन्सची नाही, पण सगळं दोनदा वाचलं. माझा भाऊ गेली बरीच वर्षं एचआयव्हीच्या गोळ्या घेतोय, व्हायरल लोड सापडत नाही असाच रिपोर्ट येतो. त्याला कुणीतरी सांगितलंय की मायक्रोआरएनएची टेस्ट करून घे, त्यावरून कळतं की व्हायरस झोपलाय का गेलाय, गेला असेल तर गोळ्या थांबवता येतात. हे खरं आहे का? तो जरा हुरळून गेलाय म्हणून विचारते.

---

सूक्ष्मदर्शी

अबोलीताई, नाही, हे खरं नाही. कृपया त्याला गोळ्या थांबवू देऊ नका.

गोळ्या काय करतात तर नव्या पेशीत संसर्ग होऊ देत नाहीत. व्हायरसचा डीएनए बनण्याच्या किंवा तो आपल्या डीएनएत शिवला जाण्याच्या पायरीवर अडवतात. जिथे तो आधीच शिवला गेलाय तिथे त्या काहीच करू शकत नाहीत. अशा गप्प पेशींचा साठा इतका हळू कमी होतो की निम्मा व्हायला सरासरी ४४ महिने लागतात, म्हणजे फक्त वाट बघून तो संपायला ६० वर्षांच्या वर जातील असा हिशोब १९९९ मध्येच मांडला गेला. गोळ्या बंद केल्या की बहुतेकांमध्ये दोन ते चार आठवड्यांत व्हायरस रक्तात परत दिसतो, कारण त्या पेशींपैकी एखादी रोजच कुठेतरी जागी होत असते.

मायक्रोआरएनएवरून "व्हायरस गेलाय" असं सांगणारी कुठलीच टेस्ट उपचारात वापरली जात नाही. त्यासाठी पैसे घालवू नका. व्हायरल लोड आणि डॉक्टर सांगतील त्या नेहमीच्या तपासण्या, बस. आणि तुमच्या भावाचं खरंच कौतुक, लोड इतकी वर्षं दाबून ठेवणं म्हणजे रोजची गोळी न चुकवणं आहे. लोड सापडत नाही तोवर त्याच्याकडून शरीरसंबंधातून कुणाला लागण होत नाही, पार्टनर नावाच्या मोठ्या अभ्यासात अशी एकही लागण जोडीदाराकडून आलेली निघाली नाही. हेही त्याला सांगा, बऱ्याच जणांना हे कुणी सांगतच नाही.

---

अबोली_क

खूप आभार. आजच बोलते त्याच्याशी. शेवटचं जे लिहिलंत ते त्याला माहीत नव्हतं असं मला वाटतं, ते तर आधी सांगेन.

---

नीलमोहर

अबोली, भावाला शुभेच्छा.

एक इतिहासातली गोष्ट इथे नोंदवून ठेवते कारण ती मला फार आवडते. डायसरच्या जोडीला एक प्रोटीन असतं, टीआरबीपी, ते मायक्रोआरएनए नीट कापायला आणि अर्गोनॉटमध्ये बसवायला मदत करतं. हे प्रोटीन सापडलं कुठे, तर १९९१ मध्ये, एचआयव्हीच्या त्याच टार वळशाला पेशीतलं काय काय चिकटतं हे शोधताना. तेव्हा माणसात मायक्रोआरएनए असतात हेच कुणाला माहीत नव्हतं. २००५ मध्ये दोन गटांनी दाखवलं की हाच तो डायसरचा जोडीदार. मधली चौदा वर्षं ते मुख्यतः "एचआयव्हीला मदत करणारं प्रोटीन" म्हणून ओळखलं जायचं. टारने पेशीतलं बरंचसं टीआरबीपी धरून ठेवलं तर डायसरला ते कमी पडेल, असा एक तर्क त्यावरून मांडला जातो.

---

रानवाट

मग उपचाराचं काय? हिपॅटायटिस सी ला मिर-१२२ बंद करून औषध झालं का? आणि एचआयव्हीत उलट, ते पाच बंद करून व्हायरसला बाहेर काढायचं आणि मारायचं असं नाही का करता येणार?

---

नीलमोहर

हिपॅटायटिस सी मध्ये मिराव्हिरसेन नावाचं औषध माणसांवर तपासलं गेलं, आठवड्याला एक अशी पाच इंजेक्शनं, आणि डोस वाढवला तसा व्हायरस उतरला. २०१३ मध्ये ते छापून आलं. पण त्याच सुमाराला थेट व्हायरसच्या एंझाइमवर काम करणाऱ्या गोळ्या आल्या, ज्यांनी काही आठवड्यांत आजार बरा व्हायला लागला, आणि मिराव्हिरसेनची गरजच उरली नाही. पण मायक्रोआरएनएला धरून माणसातला व्हायरस खाली आणता येतो हे तिथे सिद्ध झालं.

---

सूक्ष्मदर्शी

रानवाट, तुम्ही म्हणताय त्या विचाराला शॉक अँड किल म्हणतात. झोपलेल्याला उठवायचं, मग पेशी स्वतः मरेल किंवा प्रतिकारशक्ती मारेल. २०१२ मध्ये व्होरिनोस्टॅट नावाच्या कॅन्सरच्या औषधाने रुग्णांच्या निवांत पेशीत व्हायरसचा आरएनए वाढतो हे दाखवलं गेलं. पण आरएनए वाढला तरी साठा काही कमी होईना. आता मायक्रोआरएनएच्या बाजूने बघा. जीन जागा केला, आरएनए बनला, आणि तरीही निवांत पेशीतले मायक्रोआरएनए त्याचं प्रोटीन बनू देत नसतील, तर त्या पेशीला मारणार कोण आणि ओळखणार कशावरून? म्हणून मला वाटतं की शॉकवाल्यांनी या टप्प्याकडे दुर्लक्ष करू नये.

पण ते पाच बंद करणं सोपं नाही. मिर-१५० आणि मिर-२२३ हे रक्तपेशींच्या घडणीत आणि प्रतिकारशक्तीत ठिकठिकाणी कामाला लागतात, शरीरभर अडवले तर काय काय हलेल ते सांगता येत नाही. फक्त निवांत सीडी४ पेशींपर्यंतच औषध पोचवायचं म्हटलं तर दहा लाखात एक या हिशोबाने शोधायचं.

दुसरा विचार याच्या उलट, ब्लॉक अँड लॉक. उठवूच नका, इतकं गाढ झोपवा की गोळ्या बंद केल्या तरी उठणार नाही. यात मायक्रोआरएनएची बाजू आपल्या कामाची ठरू शकते.

आणि एक औषध मध्येच येतं, एबीएक्स-४६४, आता ओबेफॅझिमॉड म्हणतात. अबीव्हॅक्स या फ्रेंच कंपनीने ते एचआयव्हीसाठी आणलं, व्हायरसच्या आरएनएची कापाकापी बिघडवायची या हेतूने. पेशीत मात्र ते मिर-१२४ भरपूर वाढवतं असं निघालं. एचआयव्हीच्या छोट्या चाचण्यांमध्ये काही जणांच्या पेशीतला व्हायरल डीएनए उतरला, पण बाकीच्या गोळ्या थांबवल्यावर व्हायरस परत यायला वेळ जास्त लागला असं दिसलं नाही. मिर-१२४ दाह कमी करतो म्हणून तेच औषध आता आतड्याच्या अल्सरेटिव्ह कोलायटिससाठी तपासलं जातंय आणि तिथे चांगलं चाललंय.

---

पिपेट

उपचाराबद्दल मी सूक्ष्मदर्शींइतकी आशावादी नाही, पण शॉकनंतर प्रोटीन न बनण्याचा मुद्दा पटला, त्यावर विचार करतेय.

थेट चिकटतो की नाही हा वाद मिटवायचा तर मला एकच प्रयोग पटेल. व्हायरसच्या शेपटाकडच्या त्या सीडच्या जागांमधली अक्षरं अशी बदलायची की नेफ प्रोटीन तेच राहील, दुसरा धागा सुरू करणारा पट्टा शाबूत राहील, फक्त मायक्रोआरएनएला पकड मिळणार नाही. असा व्हायरस आणि मूळ व्हायरस, दोन्ही एकाच माणसाच्या ताज्या टी-पेशींमध्ये घालायचे, बाहेरून एकही मायक्रोआरएनए घालायचा नाही, पेशी निवांत होऊ द्यायच्या. मग महिनाभराने बघायचं की बदललेला व्हायरस कमी पेशींमध्ये झोपतो का, आणि झोपलेला असेल तर लवकर उठतो का. शिवाय ती अक्षरं बदलल्याने आरएनएची घडी बदलली नाही ना हे वेगळं तपासायचं, नाहीतर फरक दिसला तरी तो मायक्रोआरएनएमुळे आला की घडीमुळे ते सांगता येणार नाही. यातला शेवटचा भाग सगळ्यात वेळखाऊ आहे आणि नेमका तोच गाळला जातो.

---

सूक्ष्मदर्शी

पिपेट, यात एक भर घालतो. सायक्लिन टी१ च्या मेसेंजरवरच्या जागाही त्याच पेशींमध्ये क्रिस्परने (डीएनए हव्या त्या जागी कापायचं तंत्र) काढून एक तिसरा गट ठेवायचा. व्हायरसवरच्या जागा पुसून काहीच फरक पडला नाही आणि सायक्लिन टी१ वरच्या पुसून पडला, तर थेट मार्ग बाजूला ठेवता येईल आणि अप्रत्यक्ष मार्गावरच जोर लावता येईल. ताज्या निवांत टी-पेशींमध्ये क्रिस्पर नीट चालवणं हल्ली जमायला लागलंय ना? तुमच्याकडे कुणी करत असेल तर इथे लिहा.

---

पिपेट

जमतं. तयार केलेलं कॅस९ हे कापणारं प्रोटीन आणि त्याला जागा दाखवणारा गाइड आरएनए एकत्र करून विजेच्या झटक्याने आत घालतात, पेशी जागी न करता. निवांत पेशींमध्ये बरेच जीन्स असे काढून झालेत. जीन अख्खा न काढता त्याच्या शेपटीतल्या सात-आठ अक्षरांचीच जागा उडवायची तर दोन गाइड लागतील आणि किती पेशींमध्ये कट नीट बसलाय ते सिक्वेन्स करून मोजावं लागेल. सायक्लिन टी१ वर चार मायक्रोआरएनएंचा दाब आहे, त्यातली मिर-२७बी ची जागा मी आधी घेईन, कारण सायक्लिन टी१ च्या मेसेंजरला तो थेट चिकटतो हे दाखवलं गेलंय, बाकीच्यांचं तेवढं पक्कं नाही.